तिसऱ्या दिवसाचं शरबत

खांदा कॉलनीतल्या सोसायटीत रिना आपटेकरला तिच्या पाठीमागे 'प्रश्नपत्रिका' म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि तिची काही हरकतही नव्हती. दूधवाल्याला ती विचारी, उन्हाळ्यात म्हशीचं दूध पातळ का होतं. इस्त्रीवाल्याला विचारी, कोळसा ओला आहे हे नुसत्या वजनावरून कसं कळतं. उत्तर मिळालं की घरी येऊन वहीत लिही, आणि नाही मिळालं तर तेही लिही. वही रोजची. आधी परमेश्वराचे आभार, मग काय रांधलं, किती रांधलं, आणि उरलेल्या जागेत दिवसभरात जे कळलं नाही ते.

ती मूळची पेणची. वडील गणिताचे मास्तर. बारावी सायन्सला बासष्ट टक्के पडले तेव्हा पुढे बी.एस्सी. करायचं घरात घाटत होतं, तेवढ्यात पनवेलचं स्थळ आलं. एलिजा आपटेकर, रसायनीच्या कारखान्यात फिटर, उंच, अबोल, बासरी वाजवणारे. बासरी लग्नानंतर वर्षभरात थांबली, कारखाना पस्तीस वर्षं चालला. मधल्या काळात रिनाचे दोन्ही भाऊ इस्रायलला गेले, नणंदा गेल्या, शेवटी एकुलती एक मुलगी अबीगेलही तिकडेच, अश्दोदला गेली. घरात आता दोघंच. पेसाह या यहुदी सणाला रात्री जेवणाच्या आधी घरातल्या सर्वांत लहानाने चार प्रश्न विचारायचे असतात. आपटेकरांकडे सर्वांत लहान रिनाच, वय वर्षं सत्तावन्न. ती विचारी आणि एलिजा म्हणत, "वर्षभर विचारतेसच, आज निदान चारच आहेत."

शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांच्याकडे शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, बसतो. दिवे त्याआधीच लागलेले असतात, घरचा पुरुष प्याला हातात धरून द्राक्षवेलीचं फळ देणाऱ्या परमेश्वराचे आभार मानतो, त्याला किद्दूश म्हणतात. इतर देशांतल्या यहुदी घरांत त्या प्याल्यात द्राक्षाची वाइन असते. कोकणात वाइन कुठून येणार? म्हणून इथल्या बेने इस्रायल यहुद्यांच्या घरांतल्या बायकांनी काळ्या मनुका पाण्यात भिजवल्या, हाताने कुस्करल्या, मलमलच्या फडक्यातून गाळल्या आणि ते शरबत प्याल्यात ओतलं. रिनाच्या सासूबाई तसंच करत. चुलीवर चढवायचं नाही, चव मरते, असा त्यांचा दंडक होता. अर्धा किलो मनुका, दोन लिटर पाणी. रिनाने अडतीस वर्षं त्यात बदल केला नव्हता.

आपटेकरांच्या घरी या शरबताला आणखी एक अर्थ होता. एलिजा पीत असत. पाळीवरून आले की पीत, पाळीवर जाताना पीत, आणि एकदा रसायनीच्या नाक्यावर स्कूटरसकट गटारात सापडले होते. अबीगेल ज्या दिवशी अश्दोदला निघाली त्या दिवशी विमानतळावर, कोणी काही विचारलेलं नसताना, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, आता थेंब नाही. ती ट्रॉली ढकलत आत गेली. त्याला नऊ वर्षं झाली होती. एलिजांना महिनेसुद्धा पाठ होते. त्यांच्या ओळखीतल्या इतर माणसांना सणासुदीला हातात शरबताचा प्याला धरणं म्हणजे एक रीत होती. एलिजांना तो दर शुक्रवारी मिळणारा दाखला होता.

गेल्या वर्षी पेसाह शनिवारी रात्री आला. म्हणजे शुक्रवारी शब्बाथ, त्याला लागून शनिवारी रात्री पहिला सेदेर, रविवारी रात्री दुसरा. सेदेर म्हणजे त्या रात्रीचं विधिपूर्वक जेवण, आणि त्यात एकेकाने चार प्याले प्यायचे. दोन रात्रींचे मिळून दोघांचे सोळा. एवढं शरबत रिनाला शुक्रवारी दुपारीच करून ठेवणं भाग होतं, कारण पुढे सोमवार संध्याकाळपर्यंत असलं काम करता येत नाही.

त्या वर्षी तिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या. दोन्ही चांगल्या हेतूने.

एक, मनुका. खालच्या मजल्यावरची कुलसुम तिची वीस वर्षांची मैत्रीण. कुलसुमच्या नवऱ्याचं, रहीमभाईंचं, उरण नाक्याजवळ सुक्या मेव्याचं दुकान. सणासाठी शुद्ध वस्तू हवी, तेल चोपडलेल्या, गंधकाची धुरी दिलेल्या मनुका नकोत, असं रिनाने महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. रहीमभाईंनी तासगावकडच्या एका शेतकऱ्याकडून मुद्दाम मागवल्या. नुसत्या सावलीत वाळवलेल्या, सुरकुतल्या, जरा मळकट. "दिसायला फकीर आहेत," कुलसुम पिशवी देताना म्हणाली, "पण खाऊन बघ."

दुसरी गोष्ट फ्रीजची. शब्बाथला आणि सणाला विजेचा दिवा लावायचा नसतो, आणि फ्रीजचं दार उघडलं की आतला दिवा लागतो. जुन्या फ्रीजला बल्ब होता. रिना दर शुक्रवारी तो पिळून काढी आणि चमच्यांच्या खणात ठेवी. फेब्रुवारीत नवा फ्रीज आला. त्यात बल्ब नव्हताच, एक पांढरी पट्टी होती, ती निघेना. कंपनीच्या माणसाने फोनवर विचारलं, "मॅडम, लाइट का काढायचीय? त्रास काय आहे?" रिनाने समजावून सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "वॉरंटी जाईल." तेव्हा तिने सरळ मार्ग काढला. शरबताचा स्टीलचा डबा ओल्या पंच्यात गुंडाळून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. पूर्वी फ्रीज कुठे होते? सासूबाई काय करत होत्या?

शनिवारची रात्र छान गेली. रविवारी रात्री पहिला प्याला झाला, रिनाने चार प्रश्न विचारले, एलिजांनी मिसरच्या गुलामीतून सुटकेची गोष्ट सांगितली, आणि दुसरा प्याला अर्धा पिऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे अगदी हळू, आवाज न करता.

"रिना, यात दारू आहे."

"काहीतरीच. मनुकांचं पाणी आहे."

"जिभेला चावतंय. मघाच्या प्याल्याला मला शंका आली होती. म्हटलं मनुका आंबट असतील." ते तिच्याकडे बघत नव्हते. "मला शिकवू नकोस. ही चव मला माहीत आहे."

रिनाने घोट घेतला. बारीक बुडबुडे जिभेवर फुटले. वास पाव फुगायला ठेवल्यावर येतो तसा. पंधरा दिवस तिने कपाटांच्या सांदीतून पिठाचा कण न् कण झाडून काढला होता, पेसाहमध्ये घरात खमीर असू नये म्हणून, आणि खमीर खिडकीत डब्यात बसून होतं. द्राक्षाच्या खमिराला पेसाहमध्ये बंदी नसते, बंदी असते ती धान्याच्या खमिराला, हे तिला कळत होतं. पण प्रश्न बंदीचा नव्हता.

पुढच्या शुक्रवारी सण अजून चालू होता, एलिजांनी किद्दूश प्याल्याऐवजी सणाच्या बिनखमिराच्या भाकरीवर म्हटला. तसं चालतं, शास्त्रात आहे. त्याच्या पुढच्या शुक्रवारी साध्या पावावर. शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेनंतर शरबत वाटतात, तिथून ते आधीच निघून येऊ लागले. रिना म्हणाली, "ताजं करते ना मी. दोन तासांचं." ते म्हणाले, "राहू दे." एका संध्याकाळी फिरून यायला त्यांना उशीर झाला. ती दारातच उभी होती. त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि म्हणाले, "टपाल नाक्याजवळच्या त्या दुकानासमोर दहा मिनिटं उभा होतो."

रिनाने त्यांच्या हातातलं भांडं घेतलं.

"आत नाही गेलो. पण मनात आलं, नऊ वर्षं तर गेलीच आहेत. मोडलेलं काय जपायचं? आणि खरंच मोडलंय का, की मलाच ते मोडलेलं हवंय, तेही कळत नाही."

त्या दिवशी रिनाच्या वहीत रांधण्याचं काही नव्हतं. एकच ओळ होती. त्यात किती होती?

दुसऱ्या दिवशी ती कुलसुमकडे गेली. कुलसुमने सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "त्या फकिरांनी केलं हे. माझ्याच हाताने दिल्या मी." मग म्हणाली, "पण तू तीन दिवस ठेवलंस कशाला? आम्ही रोज्यात ह्याच मनुकांचं नबीज करायचो. सकाळी भिजवलं, इफ्तारला संपवलं. माझी दादी सांगायची, नबीज तीन दिवसांच्या वर ठेवायचं नाही. उरलं तर ओतून टाकायचं, प्यायचं नाही."

"तीनच का?"

"झालं सुरू तुझं. सुन्नत आहे म्हणून, पैगंबरांची रीत."

"सुन्नत आहे हे कळलं. पण दोन का नाही? चार का नाही?"

"ते तू दादीला विचार. कबर उरणला आहे." कुलसुमने चहा पुढे केला. "आणि हे बघ, किती होती ते सांगणारा माणूस मला माहीत आहे. नेऱ्याचा शैलेश भोईर. नाशिककडे वाइनच्या कारखान्यात पंधरा वर्षं होता, तपासणीच्या खोलीत. आता गावाला भेंडी लावतो. रहीमकडून बदाम नेतो आईसाठी."

पेसाहच्या रात्रीचं पाऊण बाटली शरबत रिनाने सण संपल्यावर फ्रीजच्या तळाशी, कोथिंबिरीमागे ठेवलं होतं. का ठेवलं, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. ती बाटली टॉवेलात गुंडाळून दोघी रिक्षाने नेऱ्याला गेल्या. वाटेत कुलसुम बाटलीपासून जेवढं लांब बसता येईल तेवढं लांब बसली होती.

शैलेश अंगणात भेंडीच्या जुड्या बांधत होता. त्याने हात धुतले, आतून एक काचेची उंच नळी आणली आणि जुन्या टूथब्रशच्या डबीतून एक काचेची काडी काढली. काडीचं बूड फुगीर, त्यात शिशाचे दाणे, वर बारीक मानेत कागदाची पट्टी आणि तिच्यावर आकडे.

"ह्याला हायड्रोमीटर म्हंतात काकी. दूधवाल्याच्या लॅक्टोमीटरचा भाऊ हाय." त्याने नळीत साधं पाणी भरलं आणि काडी सोडली. ती मानेपर्यंत बुडाली. "पान्याला हा एक म्हंतो. आता साखर टाका." रिनाने दोन चमचे टाकून ढवळली. काडी सावकाश वर आली. "गोड पानी जड असतं, काडीला वर ढकलतं. जेवडी साखर, तेवडी काडी वर."

रिनाने आणखी एक चमचा टाकला. काडी आणखी वर आली. तिने आणखी एक टाकला.

"घरची साखर संपवील ही," कुलसुम म्हणाली.

मग शैलेशने बाटलीतलं शरबत नळीत ओतलं, काडीला बोटांनी गिरकी दिली. "बुडबुडं चिकटतात काचेला, ते काडी उचलतात. फिरवून झाडायचं." काडी स्थिर झाली तेव्हा त्याने आकडा वाचला, एक दशांश शून्य तीन शून्य.

"म्हणजे किती दारू?"

"ते नाय सांगता येत."

रिनाचा चेहरा उतरला. शैलेशने काडी पुसली. "हे बघा काकी. खमीर साखर खातं. खाल्लेल्या साखरेची साधारन निम्मी दारू होती, निम्म्याचा वायू होऊन उडून जातो. काडी सांगती आत्ता साखर किती उरली. दारू किती झाली ते कळायला सुरुवातीला किती होती ते पायजे. पयला आकडा वजा शेवटचा आकडा, त्याला एकशे एकतीसनं गुनायचं, की टक्के. तुमच्याकडं नुसता शेवट हाय. तोबी फ्रीजमदला, म्हंजे त्या रातीचा नाय. सन झाल्यावर बाटलीत आनकी थोडी खाल्लीच असनार."

"एकशे एकतीसच का?"

"मानसांनी मोजून मोजून बसवलेला आकडा हाय. आमच्या सायबानं मला सांगितला, मी तुमाला."

रिना थोडा वेळ भेंडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सुरुवात परत केली तर?"

"म्हंजे?"

"तेच सगळं पुन्हा केलं तर? मनुका किती, पाणी किती, किती वाजता भिजवल्या, किती वाजता गाळलं, डबा कुठे होता, सगळं लिहिलेलं आहे माझ्याकडे. त्या मनुकाही आहेत अर्धा किलो. खिडकी आहे. ऊन तर आहेच."

शैलेशने हातातली जुडी खाली ठेवली. "काकी, तुमी आमच्या कारखान्यात पायजे होता," तो म्हणाला, आणि काडी आणि नळी दोन्ही कागदात बांधून तिला दिली. "फुटली तर फुटली. पन आकडे मना सांगा."

घरी आल्यावर रिनाला धीर धरवेना. एलिजा दुपारचे झोपले होते. तिने चहा गार करून मोजला. शहाळं मोजलं, कोकमाचं सरबत मोजलं. कोकमात काडी इतकी वर आली की तिने आपण रोज किती साखर घालतो हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं, आणि त्या संध्याकाळी अर्धीच घातली. एलिजांनी विचारलं, "कोकम संपत आलं का?"

खरा प्रयोग रविवारी सुरू केला. गुरुवारी केला असता तर शब्बाथच्या दिवशी मोजता आलं नसतं आणि लिहिताही आलं नसतं. म्हणून तिने गुरुवारच्या जागी रविवार धरला. रविवारी संध्याकाळी सात वाजता मनुका भिजवल्या, सोमवारी बारा वाजता कुस्करून गाळल्या, तोच डबा, तोच पंचा. आणि शैलेशने न सांगितलेली एक गोष्ट तिने आपल्या मनाने केली. शेजारी दुसऱ्या डब्यात बाजारच्या नेहमीच्या, गंधक दिलेल्या मनुका लावल्या. दोन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या होत्या, मनुका आणि फ्रीज. दोष कोणाचा, हेही कळायला नको?

सोमवारी दुपारी दोन्ही डब्यांत काडी जवळपास सारखी उभी राहिली. फकिरांचा आकडा एक दशांश शून्य चार शून्य, बाजारच्यांचा एकाने जास्त. मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे पेसाहच्या हिशेबाने शनिवारी, फकिरांचा एकच अंश खाली आला होता. बाजारच्यांचा हलला नव्हता. रिनाला हायसं वाटलं. असंच राहिलं तर उद्या काहीच निघणार नाही. शून्य. मग ती सांगू शकेल, अहो, तुम्हाला भास झाला होता.

बुधवारी रात्री नऊच्या सुमारास, सेदेरचा दुसरा प्याला जेव्हा झाला होता त्या वेळी, तिने डब्यावरचा पंचा काढला. वास आला. तिने नळी भरली, काडी सोडली, गिरकी दिली आणि ओट्यावर वाकून आकडा वाचू लागली. काडीभोवती शरबत जरासं वर चढलेलं दिसत होतं, आणि तिला ठरवता येत नव्हतं की वरची कड धरायची की काय.

"खालची पातळी वाच," मागून आवाज आला. एलिजा दारात उभे होते. "काचेला चिकटून वर चढतं ते धरायचं नसतं. आणि डोळा खाली आण. वरून बघितलं की चुकतं."

रिना सरळ झाली. तिला चोरी पकडल्यासारखं झालं. "मी तुम्हाला सांगणार होते."

"कधी?"

"शून्य आल्यावर."

त्यांनी तिला जरा बाजूला केलं. पस्तीस वर्षं ज्यांनी कारखान्यातले गेज वाचले होते त्यांना काडी बघून राहवेना. नाकावर हातरुमाल धरून ते वाकले, डोळा नळीच्या रेषेत आणला आणि बराच वेळ तसेच राहिले. "एक दशांश शून्य तीन चार," ते म्हणाले. "सुरुवात काय होती?"

"चार शून्य."

"सूत्र असेल ना काही?"

तिने सूत्र सांगितलं. फरक सहा. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गुणाकार केला. पाऊण टक्का आणि वर थोडंसं. मग त्यांनी कपाटातून किद्दूशचा प्याला काढला, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, आणि त्यात नळाचं पाणी भरून ते औषधाच्या मापाने मोजलं. एका प्याल्यात ऐंशी मिलीलिटर. त्या रात्री दीड प्याला पोटात गेला होता, एकशे वीस. पुन्हा गुणाकार केला.

"एक मिलीलिटरही नाही," ते म्हणाले. "वीसेक थेंब."

रिनाला वाटलं होतं शून्य निघेल, आणि आता समोर वीस थेंब होते. ते पुसता येणार नव्हते. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "बाजारच्या मनुकांना काही झालं नाही बघा, हा दुसरा डबा, जवळजवळ तिथेच आहे. धुरी दिलेल्या मनुकांवर खमीर जगत नाही वाटतं. मी शुद्ध शुद्ध करत बसले."

एलिजा ऐकत होते की नाही कोण जाणे. ते स्टुलावर बसले. "शून्य आलं असतं तर तुला बरं वाटलं असतं."

"हो."

"मला नसतं वाटलं." त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "तीन आठवडे मी हेच म्हणतोय मनाशी, त्यात काही नव्हतंच, एलिजा, तुलाच हवी होती म्हणून लागली. नऊ वर्षं झाली तरी तुला साध्या मनुकांत दारू दिसते. असा माणूस किती दिवस टिकणार? म्हणून त्या दुकानासमोर उभा राहिलो. म्हटलं, तोंडात नसताना चव येते, तर मग असूच दे." ते थांबले. "पण होती."

"होती. वीस थेंब."

"वीस थेंब दीड प्याल्यात. आणि मी प्याला खाली ठेवला."

शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली. थोड्या वेळाने एलिजा उठले आणि म्हणाले, "हे आता बाहेर ने. वास येतोय मला."

बाहेर नेणं सोपं नव्हतं, कारण रिनाला ते लगेच ओतायचं नव्हतं. चौथ्या दिवशी काय होतं हे तिला बघायचंच होतं. ती डबा घेऊन खाली गेली. कुलसुमने दार उघडलं, डब्याकडे बघितलं आणि दार अर्धं लावून घेतलं. "माझ्या घरात? शुद्धीवर आहेस का तू? रहीम मला आणि डब्याला एकत्रच बाहेर काढेल."

"एक दिवस फक्त."

"एक तास नाही."

शेवटी डबा दोन मजल्यांच्या मधल्या जिन्याच्या कठड्यावर राहिला. ना यहुद्यांच्या घरात ना मुसलमानांच्या. वर रिनाने चिठ्ठी चिकटवली, 'प्रयोग चालू आहे. हात लावू नये. प्यायचं तर अजिबात नाही.' गुरुवारी संध्याकाळी दोघी मैत्रिणींनी जिन्यातच नळी भरली. काडी सोडली तशी ती जवळजवळ घसरलीच. एक दशांश शून्य एक नऊ. रिनाने पायरीवर बसून गुणाकार केला. पावणेतीन टक्के.

कुलसुम कठड्याला टेकून बघत राहिली. "पहिले तीन दिवस चालते, चौथ्या दिवशी पळते," ती म्हणाली. आणि मग हळूच, "दादीकडे काडी नव्हती गं."

"नव्हती. पण कोणीतरी बघितलं असेल ना कधी. चाखून, वास घेऊन. किती लोकांनी किती वर्षं ओतून टाकलं असेल तेव्हा तीन ठरले असतील."

"आता हे तू ओत."

रिनाने ते गच्चीवरच्या मोरीत ओतलं आणि दोन बादल्या पाणी टाकलं. शैलेशला फोनवर सगळे आकडे सांगितले. त्याने सबुरीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकी, जांबळाचं कराल का? नाय, नुसतं मोजायला."

शुक्रवारी तिने एलिजांना काही विचारलं नाही. दुपारी मनुका धुतल्या, पाण्यात टाकल्या आणि पातेलं गॅसवर चढवलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा. उकळीत खमीर मरतं. उकळी आली, फेस आला, घरभर शिजलेल्या मनुकांचा जड वास पसरला. गार करून गाळलं आणि काचेच्या जगमध्ये भरून टेबलावर ठेवलं. पावही ठेवला, झाकून. कशावर म्हणायचं ते त्यांनी ठरवायचं.

सूर्य मावळायच्या आधी तिने दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. हात खाली घेतले तेव्हा एलिजा टेबलाशी उभे होते. त्यांनी जग उचलला, वास घेतला. दिव्याच्या उजेडात धरून बघितला. मग प्याला काठोकाठ भरला, तळहातावर घेतला आणि किद्दूश म्हणायला सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच, नाकातला, जरा घाईचा. द्राक्षवेलीच्या फळापाशी ते किंचित थांबले आणि पुढे गेले. म्हणून झाल्यावर बसले, आणि अर्ध्याहून अधिक प्याला एका दमात प्यायले.

"उकळलंस?"

"हो."

"चव गेली."

"गेली असेल."

"आईच्या शरबताची सर नाही." त्यांनी प्याला तिच्यापुढे केला.

रिनाने घोट घेतला. खरंच गेली होती. नुसतं गोड, सपक, शिजवलेलं पाणी. तिने ते सगळं प्यायलं आणि पावावरचं फडकं काढलं.